बेडकाची उजवी किडनी

पारशिवनी,
रविवार, १९ फेब्रुवारी १९८४

प्रिय रुपदादा,

साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, वहिनीला आठवण, हे सगळं तू मनातल्या मनात वाचून घे. आज ते लिहायला माझा हात तयार नाही. 'प्रिय' लिहिलं, तेही सवयीनं.

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. आमच्या सुहासिनीबद्दल, म्हणजे तुझ्या सख्ख्या भाचीबद्दल असं काही लिहायचं होतं, तर दादा, पाकीट मिळत नव्हतं का? कार्ड वाचूनच द्यायचं असतं अशी लहानू पोस्टमनची समजूत आहे. त्यानं ते दारातच ह्यांना वाचून दाखवलं आणि पुढच्या तीन घरांतही सांगितलं असेल. 'मुलगी हट्टी आहे, हाताला वळण नाही, वर्गात उलट बोलते, सांगितल्याप्रमाणे चित्र काढत नाही, येत्या गुरुवारपर्यंत सुधारून आणलं नाही तर तिच्या रेकॉर्डवर मी सही करणार नाही. मामा म्हणून मला सवलत देता येणार नाही. सायन्स झेपत नसेल तर पुढच्या वर्षी आर्ट्सला टाकावं, मुलींना तेच बरं.' सगळं एका कार्डात बसवलंस. अक्षर बारीक काढायला तू कधी शिकलास, याचंच नवल वाटलं.

तुला ठाऊक आहे, आणि मलाही आता ठाऊक झालं आहे, की प्रॅक्टिकलच्या त्या जाड वहीवर तुमची सही नसली तर पोरीला परीक्षेलाच बसू देत नाहीत. वर्ष जातं. तुझ्या लेखी एक वर्ष म्हणजे काय, पुढच्या वर्षी पुन्हा तीच पोरं, तेच बेडूक. आमच्याकडे तसं नाही. ह्यांचे मोठे भाऊ गणपतराव गेल्या दिवाळीपासून सावनेरचं एक स्थळ घेऊन बसलेत. पोरगी पास होत गेली तर शिकू द्या, एकदा अडली की उजवून टाका, असं त्यांनी सगळ्यांसमोर बोलून ठेवलं आहे आणि ह्यांनी त्यावर मान हलवली आहे. हे शाळामास्तर आहेत, पोरीला जीव लावतात, पण मोठ्या भावापुढे ह्यांचा आवाज निघत नाही. तेव्हा तुझी ती सही म्हणजे माझ्या पोरीचं कॉलेज आहे. तुझं कार्ड वाचून गणपतराव म्हणाले, "मामाच म्हणते तं मंग बोलणंच खुटलं." मामाच म्हणतो! त्यांना तरी काय माहीत, मामाला किती येतं ते.

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं सुहासिनी आली. वसतिगृहाची परवानगी काढून आली, पिशवीत दुसरं काही नाही, फक्त ते रेकॉर्ड. रडलेली नव्हती. मला वाटलं होतं रडेल, म्हणून मी आधीच तिच्या आवडीची भाजी वगैरे करून ठेवली होती. तिनं हातपाय धुतले, जेवली, आणि मग ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. बेडकाच्या पोटातलं चित्र. दोन किडन्या, दोन्ही सारख्या लांबीच्या, शेजारी शेजारी. त्यावर तुझी लाल पेन्सिल, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. खाली 'मॉडेलप्रमाणे काढा.' पान उलटलं, तिनं पुन्हा काढलेलं तेच चित्र, पुन्हा फुली. तिसऱ्या पानावर तू नुसतं 'नो' लिहिलं आहेस, फुली मारायचेही कष्ट घेतले नाहीस.

तिनं सांगितलं ते असं. तुमच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एक जुनं रेकॉर्ड कुलूप लावून ठेवलेलं आहे, 'आदर्श रेकॉर्ड' अशी चिठ्ठी लावून. दर वर्षी तू ते बाहेर काढतोस, टेबलावर उघडून ठेवतोस आणि पोरं रांगेनं येऊन त्यावरून आपापल्या वहीत उतरवून घेतात. बेडूक ट्रेमध्ये कापलेला असतो, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. ह्यांच्या भाषेत, मक्षिकास्थाने मक्षिका. त्या चित्रात बेडकाची उजवी किडनी डावीच्या निम्मी आहे आणि थोडी वर सरकलेली आहे, म्हणून सगळ्यांच्या वहीत ती निम्मी असते. वीस वर्षं नागपुरातल्या त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या प्रत्येक बी.एस्सी.च्या वहीत बेडकाची उजवी किडनी निम्मी. बाहेरून येणारे परीक्षक सही आहे ना एवढं बघून पान उलटतात.

सुहासिनीनं आपल्या बेडकाकडे पाहिलं. तेवढाच तिचा गुन्हा. त्याच्या दोन्ही सारख्या होत्या. तिला वाटलं आपलाच बेडूक वेगळा असेल, म्हणून तिनं प्रयोगशाळेतल्या शिपायाला, शालिकरामला, हो, आपला तोच शालिकराम, आता केस पांढरे झाले म्हणे त्याचे, विनंती करून आणखी पाच बेडूक मागून घेतले. सुटीच्या दिवशी जाऊन एकटीनं कापले. सहाही बेडकांच्या सारख्या. मग ती तुझ्याकडे आली, वर्गात हात वर करून, नीट 'सर' म्हणून विचारलं, की सर, सहाही सारख्या निघाल्या. तू काय म्हणालास ते तिनं मला सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग अंगाची आग आग झाली. तू म्हणालास, बेडूक चुकले असतील, मॉडेल चुकणार नाही. आणि माणसाचीसुद्धा उजवी किडनी डावीपेक्षा खाली असते, असं काहीतरी शास्त्र वर लावून दिलंस. अरे, त्या चित्रातली वर सरकलेली आहे! माणसाची खाली, बेडकाची वर, आणि तुझं शास्त्र मधे लोंबकळतंय. सगळा वर्ग हसला म्हणे. तिला हसला. तू हसू दिलंस.

दादा, ते चित्र कुणाचं आहे?

विसरला असशील तर आठवण करून देते, कारण मला ते कालच्यासारखं आठवतं. एकसष्ट सालचा जुलै. मी मॅट्रिक झाले होते, सावनेरच्या शाळेतून, तुझ्यापेक्षा बावन्न मार्क जास्त घेऊन. हे बावन्न मार्क मी कधी बोलून दाखवले नाहीत, आज दाखवते. तुला नागपूरला बी.एस्सी.ला घातलं आणि मला तुझ्यासोबत धाडलं, भाकरी थापायला. आईनं सांगितलं, रुपाच्या जेवणाचे हाल होतात, तू जा, तो पास झाला की तुझंही बघू. सदरमध्ये त्या टेलरच्या दुकानामागच्या दोन खोल्या. अकरा वाजेपर्यंत माझं सगळं आटपायचं आणि मग अख्खी दुपार मोकळी. पहिल्या महिन्यातच तू ते रेकॉर्ड आणून माझ्यापुढे टाकलंस. आधी फक्त नावं लिहायची होती, तुझं अक्षर कुत्र्या-मांजरांच्या भांडणासारखं, म्हणून. मग बाणाच्या रेघा मारून दे. मग जरा आकार नीट करून दे. दिवाळी येईपर्यंत तू नुसता पुस्तकाचं पान दुमडून द्यायचास आणि फिरायला जायचास. ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढायचं, एका दमात रेघ मारायची, तुटू द्यायची नाही, सावली पाडायची नाही, फक्त ठिपके द्यायचे, हे सगळं मला कोणी शिकवलं नाही. रांगोळीनं हात बसलेला होता. पहिल्या वर्षाची बेचाळीस चित्रं मी काढली. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाची मोजली नाहीत.

आणि दादा, मी ती नुसती काढली नाहीत. काढताना खाली लिहिलेलं वाचायचे. कळायचं नाही ते तुझ्या पुस्तकात शोधायचे, इंग्रजी अडलं तर डिक्शनरी होतीच. गांडुळाला किती हृदयं असतात ते तुला परीक्षेच्या आदल्या दिवशी मी विचारून विचारून पाठ करून घेतलं होतं. तुला राग यायचा. भाकरी कर म्हणायचास.

बेडकाचं चित्र मात्र पुस्तकातून नव्हतं काढलं. तुमच्या सरांनी सांगितलं होतं, घरी हात बसवा. शालिकरामनं तुला डालड्याच्या डब्यात एक बेडूक दिला, कापसाला लावायला क्लोरोफॉर्मची एक शिशी दिली. तू तो डबा असा धरून आणलास जसा काही आत साप आहे. कापूस आत टाकलास, वास तुझ्याच नाकात गेला आणि तू नालीशी जाऊन ओकलास. तेवढ्यात बेडूक उडी मारून कणकेच्या डब्यामागे. मी त्याला पदरानं धरून आणला, पुन्हा डब्यात टाकला, झाकण लावलं, वर वरवंटा ठेवला. तो निजल्यावर तू चाकू हातात घेतलास, ठेवलास, पुन्हा घेतलास, आणि मला म्हणालास, शामले, तू कर गा. बाईमाणसाला कोणी 'गा' म्हणत नाही, एवढा तू घाबरला होतास. मी केलं. कोंबडी साफ करणाऱ्या हाताला बेडकाचं काय? टाचण्या नव्हत्या, तर मागच्या कुंपणाचे बाभळीचे काटे आणून त्याचे चारही पाय ठोकले. पाटावर ठोकले. आता तेवीस वर्षांनी सांगते, तो पाट तू जेवायला बसायचास तोच होता. धुतला होता मी, पण होता तोच.

मग मी दुपारभर बसून ते चित्र काढलं. जे दिसलं ते काढलं. त्या बेडकाची उजवी किडनी खरोखरच निम्मी होती. असेल काही जन्मजात व्यंग, आपल्या वाड्यातल्या गोऱ्ह्याला नव्हता एक कान लहान? मला तेव्हाच शंका आली. पुस्तकात दोन्ही सारख्या होत्या. मी तुला हाक मारून सांगितलं, "दादा, याची एक लहान आहे गा. पुस्तकात तं सारख्या आहेत. अजून एक बेडूक आणतोस काय, पाहू?" तू खाटेवर पडून होतास, उशी तोंडावर घेऊन. उशीतूनच म्हणालास, "असंच राहते. तू काढ." तू पाहिलंच नाहीस. त्या दिवशी नाही, आणि नंतर वीस वर्षं रोज ते कपाट उघडून झाकून, तरी कधी एका बेडकाशी ताडून पाहिलं नाहीस. मी एका बेडकाचं चित्र काढलं होतं. तू ते सगळ्या बेडकांचं करून टाकलंस.

त्या वर्षी गॅदरिंगमध्ये तुला उत्कृष्ट रेकॉर्डचं बक्षीस मिळालं. मी बायकांच्या बाजूला बसून टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. खोटं नाही बोलत, मला आनंद झाला होता. सरांनी ते रेकॉर्ड वर धरून दाखवलं, म्हणाले याला म्हणतात हात, आणि मी माझ्या हाताकडे पाहिलं, नखात कणीक होती. ते रेकॉर्ड त्यांनी कॉलेजसाठी ठेवून घेतलं तेव्हा तू घरी येऊन म्हणालास, बरं झालं, रद्दीत गेलं असतं. एवढंच म्हणालास.

आता पुढचं. हे मी कोणाजवळ बोलले नाही, आईजवळसुद्धा नाही. चौसष्टचा एप्रिल, तुझी परीक्षा संपली होती, आपण दोघं गावाला आलो होतो. मी मागच्या दारी भांडी घासत होते. तुम्ही दोघं, तू आणि बाबा, ओसरीवर होता. बाबांनी तुला विचारलं, "शामलेले कॉलेजात टाकू म्हणतो यंदा. तुह्यं काय म्हणणं आहे?" दादा, बाबा तयार होते! आपला बाप, चंपतराव, ज्यानं आयुष्यात कोणाचा सल्ला घेतला नाही, तो तुला विचारत होता, कारण तू शिकलेला. तुला फक्त हो म्हणायचं होतं. बरं, हो नसतं म्हणालास, 'तुम्हीच बघा बाबा' म्हणाला असतास तरी चाललं असतं. तू काय म्हणालास? तू म्हणालास, "तिले बेडूक कापा लागते, बाबा. तिच्यानं ते होणार नाही."

मी तशीच बसून राहिले, हातात राखेचा चोथा. मला वाटलं उठावं, आत जावं आणि बाबांना सांगावं की कोणी कापला आणि कोण नालीवर ओकला. नाही गेले. तुझी अब्रू म्हणजे माहेरची अब्रू, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याला शिकवलेलं. पुढच्या महिन्यात माझं लग्न लागलं. तू मांडवात धावपळ केलीस, माझ्या पाठवणीला सगळ्यांत जास्त तूच रडलास. मी नाही रडले, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

पुढे एम.एस्सी.ला तुला सेकंड क्लास का मिळाला, याचं सगळ्यांना कोडं पडलं होतं. मला नव्हतं पडलं. तरी तू त्याच कॉलेजात लागलास, आधी हाताखाली, मग लेक्चरर. चांगलं झालं, मला कधी जळफळ वाटली नाही, शप्पथ. आयत्या बिळावर नागोबा असतो तो असतो, पण निदान त्या नागोबानं बीळ खोदणाऱ्याच्या पोराला डसू नये.

कारण दादा, आर्ट्सला टाका, मुलींना तेच बरं, हे वाक्य वाचलं तेव्हा मला माझ्या हाताला राखेचा वास आला. वीस वर्षं झाली. तू अजून तेच बोलतोस आणि अजून तुझंच ऐकतात.

आता तू म्हणशील, शामला, एवढं होतं तर बोलायचं होतंस. खरं आहे. तुझ्यावर जेवढी चिडले आहे, तेवढीच माझ्यावर चिडले आहे, आणि ते का, हे लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

सुहासिनी लहानपणापासून चित्रं काढते. ती सहा-सात वर्षांची असेल, तिनं अंगणातला सरडा पाटीवर काढला होता, पायाची बोटं मोजून. मी तिला म्हटलं, मामाचा हात आला हो तुला. ते का म्हटलं, मला ठाऊक नाही. बोलून गेले, आणि एकदा बोलले ते धरून ठेवलं. तुझा मामा फार सुंदर चित्रं काढायचा, त्याचं रेकॉर्ड कॉलेजात कपाटात ठेवलंय, तू मोठी झालीस की जाऊन बघ. हीच गोष्ट सांगून मी तिला जेवू घातलं आहे. तिनं बी.एस्सी. घेतलं ते ते कपाट बघायला, असं म्हटलं तरी चालेल. तिला आईचं काही सांगावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. बायको म्हणून, बहीण म्हणून, आई म्हणून खोटं बोलायची इतकी सवय की आपण खोटं बोलतोय हेही विसरते बाई.

शुक्रवारी रात्रीची जेवणं झाल्यावर मी तिला समजावलं. म्हटलं, बाळा, मामा म्हणतो तसं काढून दे, तुझं काय जातं, एक किडनी लहान काढली तर? पास हो, पुढे तुझ्या मनासारखं काढ. ती म्हणाली, "पण ते तसं नाही आहे, आई." एवढंच. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. तुझ्या कार्डात 'उलट बोलते' लिहिलं आहेस ना, ते हे.

काल सकाळी ती मैत्रिणीकडे गेली. मी तिचं रेकॉर्ड घेतलं, दोरी सोडून फुलीचं पान बाजूला ठेवलं, कोरं पान काढलं, तिच्याच पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढलं आणि बसले. हो दादा, बसले. मी ठरवलं, आपणच काढून देऊ, तिच्या वहीत लावून देऊ, तिला हो म्हणायला लावू, सही मिळेल, गणपतरावांचं तोंड बंद होईल. वीस वर्षं मी पेन्सिल हातात धरली नव्हती, धोब्याचा हिशेब लिहिण्यापलीकडे. आणि काय सांगू, हात थांबला नाही. अर्ध्या तासात ते पान तयार होतं, एक रेघ तुटली नाही. उजवी किडनी निम्मी, थोडी वर. मला त्याचा आनंद झाला, ही सगळ्यांत लाजेची गोष्ट. ती फाटकातून येताना मी ते पान लांब धरून, मान वाकडी करून, आपलंच कौतुक करत होते.

तिनं ते माझ्या हातातून घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आई, हे तं कपाटातलंच चित्र आहे. ते ठिपके, ते अक्षर. रेकॉर्ड तं तिथं कुलपात आहे, तू कुठं पाहून काढून राहिली?" मी पेन्सिलीचा भुसा गोळा करू लागले. तिनं पुन्हा विचारलं, "तुले कसं येते हे?"

दादा, सांगायची हीच वेळ होती. बाबा ओसरीवर नव्हते, तू नव्हतास, मांडव नव्हता, कोणाची अब्रू जाणार नव्हती. माझ्या घरात, माझ्या पोरीनं, माझ्या हाताकडे बघून मला विचारलं होतं. आणि मी म्हणाले, "मामानं शिकवलं."

तिनं ते पान माझ्या पोळपाटाखाली ठेवून दिलं, नीट, न फाडता. आपलं फुली मारलेलं चित्र पुन्हा वहीत लावलं. म्हणाली, "मी माझंच देईन. सही नाही झाली तं नाही." तेव्हापासून माझ्याशी बोलते, पाणी दे, मीठ दे एवढंच. तिला काहीतरी समजलं आहे आणि ती मी बोलायची वाट बघते आहे. मला बोलता येत नाही. मी दोनदा तिच्याजवळ जाऊन बसले आणि दोन्ही वेळा डाळ निवडायला सांगून उठले.

म्हणून हे. आज दुपारी मी 'प्रिय सुहास' लिहून दोन कागद फाडले. तिसऱ्यावर तुझं नाव लिहिलं आणि मग शाई थांबली नाही, कारण तुझ्यावर चिडणं सोपं आहे आणि तिला 'मी तुझ्याशी आयुष्यभर खोटं बोलले' हे सांगणं सोपं नाही. पत्र तुझ्या नावाचं आहे, पण ते आधी तिला वाचायचं आहे. मी ते पोस्टात टाकत नाही आणि पाकीट चिकटवतही नाही. उद्या सकाळच्या गाडीत ती बसली की मी ते खिडकीतून तिच्या हातात देईन, म्हणेन वाच आणि मग मामाला दे, आणि गाडी सुटेपर्यंत थांबणार नाही, कारण तेवढी हिंमत अजून माझ्यात नाही. पारशिवनी ते नागपूर, तिला भरपूर वेळ आहे. जेव्हा ती तुझ्या टेबलासमोर रेकॉर्ड घेऊन उभी राहील, तेव्हा दादा, बेडूक कोणी कापला, चित्र कोणी काढलं, ओसरीवर कोण काय बोललं, आणि तिची आई गप्प कशी बसली, हे सगळं तिला ठाऊक असेल. मग तिच्या तोंडाकडे नीट बघ आणि सही करायची की नाही ते ठरव.

काही झालं तरी तुझीच,
शामला